दहाही भाग एकदम

— पाणी प्या हवं तर, पण ती तीन महिने फुकटची लालूच मला दाखवू नका. टीव्हीवरचं तुमचं ते मालिकांचं ॲप बंद केलं ते केलं. आणि बंद तरी कुठे सुखानं करू दिलंत? नात अर्धा तास बटण शोधत बसली होती. सापडलं, तर तुमचं यंत्र विचारतंय — खरंच जाताय? नक्की ना? — अहो, मुलगा घर सोडून गेला तेव्हा मी त्याला एवढी गळ घातली नव्हती. का बंद केलं, हेच कंपनीसाठी लिहून न्यायचंय ना? मग ऐका. लिहू नका, नुसतं ऐका.

एका घराला दोन दारं होती आणि दोन दारांआड दोन जावा. थोरली तोंडाळ, धाकटी अबोल. पंधरा वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक केला दोघींनी, आणि सासू गेली त्या दिवसापासून धाकटीनं बोलणं टाकलं. अकरा वर्षं! जिन्यात समोर आल्या की एक भिंतीकडे बघणार, दुसरी चपलांकडे. मग थोरलीच्या घरी आलं तुमचं ते. त्यात ती पोलीसबाईची मालिका — दर गुरुवारी एकच भाग, आणि तोही असा मधेच तोडायचा की घास घशाखाली उतरू नये. धाकटीला तिचं वेड, आणि तिच्याकडे तुमचं ते नाही. पहिल्या गुरुवारी आली, उंबऱ्यातच बसली. दुसऱ्या गुरुवारी म्हणाली, "आवाज वाढवा." — भिंतीला म्हणाली, पण म्हणाली! पाचव्या गुरुवारी म्हणते, "जाऊबाई, तो डॉक्टर दिसतो तितका साधा नाही हं." थोरली आत जाऊन ढसाढसा रडली. हसताय काय?

माणसं बांधून ठेवायची तुमची ही युक्ती मला नवी नाही. राक्षसानं दार ठोठावलं की मीही तिथेच गोष्ट थांबवायचे, पोरं दुसऱ्या दिवशी मुकाट अंथरुणात. ती लबाडी चालत होती मला. मग यंदा कसली अवदसा आठवली? दहाही भाग एकदम! धाकटीनं लेकीच्या फोनवर दोन दिवसांत फडशा पाडला. गुरुवारी थोरलीनं चटई टाकली, चहाचं आधण ठेवलं — कोणी नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. लोकांनाच हवं होतं म्हणे! कुठल्या लोकांना? थोरलीला विचारलंत? तिला त्या मेल्या डॉक्टरचं काय पडलंय? तिला आणखी एक गुरुवार हवा होता. दर वेळी ठरवायची, आज भाग संपला की सांगते. भाग संपायचा, धाकटी खुशीत असायची — मग राहू दे, पुढच्या गुरुवारी.

काय सांगायचं? काही नाही. ते तुमच्या कागदात नाही बसणार... सासू शेवटचे दोन दिवस धाकटीच्या नावाचा जप करत होती. धाकटी माहेरी. थोरलीनं सगळ्यांना सांगितलं, फोन लागत नव्हता. लागत होता. मी — थोरलीनं लावलाच नाही. सहा वर्षं अंथरूण मी काढलं, घास मी भरवला, आणि शेवटी नाव तिचं? म्हणून नाही लावला. झालं समाधान?

बघताय काय असे? बोलले मी. जीभ झडली नाही माझी. ना ओळखीच्या ना पाळखीच्या माणसापुढे बोलले, आणि जिला सांगायचं ती पलीकडे शेंगा सोलत बसलीय.

सरका. सरका म्हणते ना! — अगं ए, आहेस का? मी. नाही गं, मालिका-बिलिका नाही. आईंचं सांगायचंय. त्या फोनचं. मी... काय? तुला माहीत आहे? आई गेल्या त्या दिवसापासून? आणि तरी दर गुरुवारी येऊन बसायचीस, मी कधी बोलते म्हणून? — नको, रडू नकोस, मी आधी रडते. हो, येते. आत येते.

तुम्ही का उभे अजून? जा. जाताना दार ओढून घ्या, आम्हाला वेळ लागेल.