ओल्या लाकडाचं वजन

कुंदा : पुन्हा वजन वाढलं? वखारीतला काटा बिघडला असेल.

श्रीपाद : काटा ठीक आहे. माझ्याआधी बाभळीचा ओंडका तोलला, तो बरोबर भरला. नाथा वखारवाला मलाच म्हणाला, "सायेब, तुमी वलं लाकूड हाय. वल्या लाकडाला आमी मणामागं सूट देतो. तुमाला किती देऊ?"

कुंदा : चारचौघांत म्हणाला?

श्रीपाद : अर्धं बेलवली गाव रांगेत उभं होतं. एका बाईनं तर माझा भावही विचारला.

कुंदा : हसू नका. उद्या निर्वासितांच्या कॅम्पात दवाखान्यात जायचंय. डॉक्टर तलरेजांनी काय बजावलंय?

श्रीपाद : "साईं, वजन और बढ़ा तो गोली बंद."

कुंदा : आणि गोळी बंद झाली की इसब परत. मानेपासून घोट्यापर्यंत. त्याचं काय?

श्रीपाद : हे बघ, नडगीवर बोट दाबलं की असा खड्डा पडतो.

कुंदा : बोट काढलंत तरी आहेच की. पळीभर आमटी मावेल यात.

श्रीपाद : अळणी.

माई : कोण पडलं खड्ड्यात? श्रीपाद, जरा उजेडात ये बघू. काय गो तोंड झालंय माझ्या पोराचं, उकडीचा मोदक नुसता. गावाहून आले त्या दिवशी ओळखलंच नाही मी. कुंदे, तुझ्या हाताला गुण आला हो शेवटी.

श्रीपाद : माई, हे मांस नाही. पाणी आहे.

माई : पाणी? तू काय विहीर आहेस?

श्रीपाद : अगं, मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यातून हॉर्मोन म्हणून एक रस पाझरतो. त्याच जातीचं औषध या गोळीत आहे, परदेशातून आलेलं. त्यानं इसब विझतो, पण अंग मीठ धरून ठेवतं आणि मीठ पाण्याला धरून ठेवतं.

माई : पोटातल्या पोटात टोपी कशाला लागते? तिथे काय ऊन लागतं?

कुंदा : म्हणून यांचं जेवण अळणी, माई. भातात नाही, भाजीत नाही, चिमूटभरसुद्धा मीठ मी घालत नाही. तरी वजन चढतंय.

माई : बदलापूरचं पाणी बाधलं असेल. पाणीच ना ते?

कुंदा : अहो, हात पुढे करा.

श्रीपाद : कशाला?

कुंदा : वास घ्यायचाय.

श्रीपाद : मी धुतलेत.

कुंदा : अजून पानं घेतली नाहीत, आणि हात धुवून मोकळे?

माई : त्याला बोलू नको गो. मीच देते. खारातली कैरी. ट्रंकेत बरणी आहे माझ्या. तो अळणी भात गिळताना बघवत नाही मला. घास तोंडात घालतो नि डोळे मिटून घेतो, एरंडेल प्यायल्यासारखा.

श्रीपाद : एकच फोड असते, कुंदा. तिच्याबरोबर थोडा खार. मग खार उरतो म्हणून थोडा भात.

कुंदा : मला ठाऊक होतं.

श्रीपाद : ठाऊक होतं? मग मला रोज वखारीत ओंडक्यांच्या रांगेत कशाला उभं केलंस?

कुंदा : माई आल्या त्या दिवशी तुमचं तोंड बघून म्हणाल्या, "सुनेनं पोराला पोसलंन." लग्न झाल्यापासून मी दुसरंच ऐकत आले. सुनेनं पोराला वाळवलंन. गावच्या प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशाला. मला वाटलं, माई परत जाईपर्यंत राहू दे हे तोंड. चार जणींना सांगतील. मला फार बरं वाटत होतं हो. चुकलंच माझं.

माई : बोलले असेन मी. पण काटकुळा होता, हे खोटं का?

कुंदा : ते झोपत नव्हते, माई. रात्रभर खाजवायचे. चादरीला रक्त लागायचं. गेल्या थंडीत माझं जुनं लुगडं फाडलं आणि त्याच्या पट्ट्यांनी हात खाटेला बांधायला लावले मला. मी बांधायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

माई : श्रीपाद, खरं हे?

श्रीपाद : तुला काय कळवायचं त्यात. शेवटी हिनंच ओढत कॅम्पात नेलं मला.

माई : आणि आता?

कुंदा : आता घोरतात. पहिल्यांदा इतके गाढ झोपले, तेव्हा मी घाबरून नाकापाशी सूत धरून बघितलं.

(माई उठून आत जातात. ट्रंक उघडल्याचा आवाज येतो, बऱ्याच वेळानं मिटल्याचा. त्या बरणी आणून कुंदापुढे ठेवतात.)

माई : ही शेजारच्या इंदुबाईंना देऊन टाक. आणि उद्या मी येते कॅम्पात. डॉक्टरला सांगते, खार माझा, दोष माझा. पोराची गोळी बंद करू नको.

श्रीपाद : त्याला मराठी कळत नाही, माई.

माई : हात जोडलेले कळतील. त्या टोपीचंही विचारून घेते.

श्रीपाद : पण पाणी उतरलं की हा मोदक गेला हं. आंब्याच्या दिवसांत गावी येईन तेव्हा पुन्हा तसाच काटकुळा. लोक विचारतील तुला.

माई : विचारू देत. वाळलाय ते गावाला दिसेलच. झोपतो कुणामुळे, ते मी सांगेन.