दोन सुपरवायझर

अहो उठा, उठा निवृत्तीभाऊ, पाया काऊन पडता मले? — बसा खुर्चीवर. म्हणे देवमाणूस! मशीन बंद केली मी, खरं आहे. तुमच्या सत्यभामाबाईले गाडीत टाकून बुलढाण्याले नेलं, तेही खरं. हात गेला पण जीव वाचला — हाव, सगळेच म्हणून राह्यले. पण जरा दम धरा, आधी ऐकून घ्या.

मी मास्तर माणूस. चोवीस वर्षं विनाअनुदानित शाळेत काढली, दहावीच्या पेपरले दरसाल सुपरवायझर. मग पोरंच राह्यले नाहीत, शाळा बंद पडली, अन या कापसाच्या जिनिंगवाल्यानं विचारलं — सर, सुपरवायझर होता का? म्या मनात म्हटलं, हेच तर येते आपल्याले! शब्द एकच ना हो. पहिल्याच दिवशी हात मागं बांधून मशीनींच्या रांगांतून चकरा मारायले लागलो, तर बाया हसल्या — सर, आमच्यापाशी कॉप्या नाहीत! तुमची बायको सगळ्यात जास्त हसली.

आता फरक सांगतो. परीक्षेतला सुपरवायझर काय करते? पाह्यते. नुसतं पाह्यते. पोरगं समोर गणित चुकवून राह्यलं, वजाबाकीच्या जागी बेरीज केली लेकानं, आपल्याले ढळढळीत दिसते — जीभ वळवळते, पण बोलायचं नाही. बोललं तर आपणच धरल्या जातो. मुकाट्यानं पुढं सरकायचं. चोवीस वर्षं हेच केलं, तोंड शिवून! अन कारखान्यातला सुपरवायझर? त्याले पगारच बोलायचा. ए बाई, लक्ष कुठं आहे. ए बाई, पदर खोच —

हाव. पदरच. सुटला होता तिचा. पट्ट्यावरची जाळी मालकानं काढून ठेवलेली, अन पदर तिकडं लोंबून राह्यला होता. दिसला मले. — नाही, ओढला गेल्यावर नाही. आधी. म्हणजे... पहिल्याच चकरेत दिसला. मनात आलं, चुकलं बाईचं — अन पाय पुढं गेले माहे. सवयीनं हो! दुसऱ्या चकरेतही दिसला. पदर खोचा — दोन शब्द होते, दोन! तिसऱ्या चकरेले तिची किंकाळीच आली.

असे पाहू नका माह्याकडं. मालक सांगत फिरून राह्यला, बाईचीच चुकी, जाळी तर होतीच. अन मी बाजूले मान खाली घालून उभा. आजही बोललो नसतो. तुम्ही पाया पडले म्हणून निघालं तोंडातून... काय म्हणता? तिनं पाह्यलं होतं का मले? — हो. दुसऱ्या चकरेत. मान वर करून हसली. सर लक्ष ठेवून आहेत म्हणून बिनघोर होती बिचारी.

जा निवृत्तीभाऊ. काही बोलू नका, जा. आत माही बायको चहा टाकून राह्यली, ती बाहेर यायच्या आत जा — तिले यातलं काही माहीत नाही. गावभर सांगत असते ती, आमच्या ह्यांनी वाचवलं म्हणून. जा म्हणतो ना!