सुदृढ पिल्लू स्पर्धेचा निकाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ श्री. गंगारामशेठ शिवलकर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टर शमिका नागवेकर, आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

चिटणीसांनी मला बजावले आहे, "मास्तर, आज जरा गोड बोला." मी प्रयत्न करीन, पण यश येईलच अशी खात्री देत नाही.

निमंत्रणपत्रिकेवर 'बदलीनिमित्त निरोप' असे छापले आहे. बदली आपोआप होते काय? ती कोणालातरी मागावी लागते. डॉक्टरांनी ती मागितलेली नाही. मग कोणी मागितली? उत्तर या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि तरीही आपण हारतुरे घेऊन हसतमुखाने बसलो आहोत. या हसण्याचा मला संताप येतो.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी हकीकत सांगतो. आपल्या मंडळाने यंदा सुदृढ बालकांच्या जोडीला सुदृढ पिल्लांचीही स्पर्धा घेतली. परीक्षक म्हणून डॉक्टरांना बोलावले. अध्यक्षांचे कुत्र्याचे पिल्लू, नाव सरदार, असे गोलमटोल की चालताना पोट जमिनीला टेकावे. पहिला क्रमांक त्याचाच, हे आपण मनोमन ठरवूनच खुर्च्यांवर बसलो होतो. डॉक्टरांनी त्याचे पोट हलकेच दाबून पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, हे बाळसं नव्हे. पोटात जंत आहेत. आजच औषध देऊ या."

अध्यक्ष म्हणाले, "बाय, आमच्याकडे खाऊनपिऊन सुखी आहे ते. जंत उपाशी घरातल्यांना होतात."

मागून कोणीतरी ओरडले, "पोट मोठं म्हणून नापास, तर आमच्या भिकाजीचं काय?" सभागृह हसले. भिकाजीही हसला, त्याचा स्वभाव चांगला आहे. पण त्या हशात निकाल फिरला, सरदाराच्या गळ्यात पदक पडले आणि औषध डॉक्टरांच्या पिशवीतच राहिले.

मी पुढे डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपणही ऐकावे. कुत्रीच्या पोटात असतानाच पिल्लांना हे जंत होतात. मांजरीच्या पिल्लांना आईच्या दुधातून. घर खाऊनपिऊन सुखी आहे की उपाशी, याची जंतांना पर्वा नसते. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणातल्या मातीत जातात, मातीतून पोरांच्या हाताला लागतात आणि हातातून तोंडात. क्वचित त्या जंतांच्या अळ्या मुलाच्या डोळ्यापर्यंत पोहोचतात, आणि नजर जाऊ शकते. हसण्यासारखे यात काय होते?

थोड्याच दिवसांत सरदाराचे पोट उतरले. अध्यक्ष थेट जिल्ह्याच्या कार्यालयात गेले आणि म्हणाले, डॉक्टरांनी भरसभेत पोट दाबून पिल्लाला इजा केली, तेव्हापासून ते वाळले. चौकशीला माणूस आला. आपल्यापैकी अनेकांनी मान डोलावली. "व्हय, दाबलान खरं," असे म्हणालात ना? दाबले होते, हे खरेच. पण पोट का उतरले, हे कोणी विचारले?

सरदाराला औषध मिळाले होते. अध्यक्षांची सून तुळसा मागच्या दाराने डॉक्टरांना भेटली होती. "बाई, आमची पोर ज्ञानेश्वरी त्याला कुशीत घेऊन निजते. मामंजींना कळू देऊ नका," असे तिने सांगितले. डॉक्टरांनी औषध दिले. शेवयांसारखे जंत पडले, पोट उतरले आणि पिल्लू धावू लागले. या उपचाराचेच नाव आपण इजा ठेवले. चौकशीत एका वाक्याने डॉक्टर सुटल्या असत्या. ते वाक्य त्या बोलल्या नाहीत, कारण सासरी तुळसाला ऐकून घ्यावे लागले असते. आज मी हे तुळसाच्या संमतीने सांगतो आहे. काल ती मला म्हणाली, "मास्तर, माझं नाव घ्या. आता मला भ्या नाय."

ही शाल मी डॉक्टरांच्या खांद्यावर घालावी, असे ठरले आहे. मी ती घालणार नाही. आपल्या चुकीवर टाकायला शाल कशाला हवी?

अध्यक्षमहाशय, उद्या सकाळच्या एसटीने मी रत्नागिरीला जिल्हा कार्यालयात जात आहे. तुळसाही येणार आहे. आपण आमच्याबरोबर यावे आणि ज्या तोंडाने तक्रार केलीत, त्याच तोंडाने ती मागे घ्यावी. आपण आला नाहीत तर तुळसा बोलेल. डॉक्टर, तोवर सामान बांधू नका.

मंडळाने मला बोलू दिले आणि ध्वनिक्षेपक बंद केला नाही, याबद्दल मी आभारी आहे. माझ्या शब्दांनी डॉक्टरांना संकोच वाटला असेल, तर त्यांनी या म्हाताऱ्याला क्षमा करावी. बाकी ज्यांची मने दुखावली असतील, त्यांनी उद्या एसटीच्या थांब्यावर यावे. गाडीत जागा पुष्कळ असते.