कमळजाईच्या काठी कुणी हाक मारली?

या, या, पुढे सरका! खांबाला टेकायला सगळ्यांनाच आवडतं, पण खांब आहेत चार आणि माणसं दोनशे — जमायचं कसं? सरका. पेटीवाले, सूर जरा खालीच असू द्या. आजचं आख्यान पाण्याकाठचं आहे, धुक्यातलं आहे. फार मोठ्यानं सांगितलं तर विरून जाईल!

मंडळी, मला एक सांगा — माणूस घर विकत घेतो तेव्हा बघतो काय? बोला, लाजू नका! काय म्हणालात? पाणी किती वेळ येतं? बरोबर! पूर्वेचं दार? बरोबर, काका! गाडी लावायला जागा? — हे आमचे मागचे तरुण बोलले. अहो, आपण भिंत ठोकून बघतो, नळ सोडून बघतो, मेथीची जुडी उलगडावी तसं घर उलगडून बघतो. पण भिंतीपलीकडे कोण राहतं, ते बघतो का? आणि त्याहून अवघड प्रश्न — भिंतीपलीकडच्याला आपण दिसावं, असं आपल्याला वाटतं का?

हसू नका. ऐका!

रंगनाथराव खैरनार नावाचे एक एसटीचे ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं गाडी चालवली. त्यातली अठरा वर्षं एकाच रस्त्यावर — कमळजाई तलावाच्या कडेकडेनं जाणारी गाडी! केवढा तलाव! या काठावर उभं राहिलं तर त्या काठावरची म्हैस मुंगीएवढी दिसायची. सकाळी पाणी दुधासारखं, दुपारी पितळेच्या परातीइतकं लखलखीत, आणि संध्याकाळी असा काही जांभळा रंग चढायचा, की पॅसेंजरसुद्धा भांडायचे थांबायचे. आणि पॅसेंजर भांडायचे थांबले, म्हणजे काय झालं असेल, विचार करा!

पण ड्रायव्हरला पाणी बघता येतं का हो? डोळे रस्त्यावर! डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं येईल तेवढंच पाणी. अठरा वर्षं रंगनाथरावांनी तलाव असा कोपऱ्याकोपऱ्यानं प्यायला. रात्री वस्तीची गाडी — म्हणजे परगावी मुक्काम, गाडीतच पथारी. स्वतःच्या घरी झोपण्यापेक्षा परक्या गावात जास्त झोपलेला माणूस! मनात एकच — रिटायर झालो की या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. हलायचं नाही. कुणी घंटी वाजवली तरी हलायचं नाही!

रिटायर झाले. मूलबाळ नव्हतं. फंडाचे पैसे आले. आता घर घ्यायचं. पण तोवर एक गोष्ट घडली होती, आणि ती रंगनाथरावांनी कुणालाही सांगितली नव्हती.

त्यांची बायको — सुनंदाबाई — विसरायला लागली होती.

आधी चष्मा विसरली. ते आपण सगळेच विसरतो! मग भाजीत मीठ, मग गल्ली, मग वार. डॉक्टर म्हणाले, "हे वाढत जाणार. जपा." मागच्या दोन महिन्यांत तर हाक मारली तरी वळायची नाही. बसायची, खिडकीबाहेर बघायची, आणि मधेच गोड हसायची. कुठं असायची ती तेव्हा? कुणाला माहीत! ज्या गावाला एसटी जात नाही, त्या गावाला जाऊन आलेली बाई! आणि रंगनाथराव? त्यांना वाईट वाटायचं, त्याहून जास्त लाज वाटायची. लाज कसली हो यात? पण वाटायची! लोक काय म्हणतील, बायको वेडी झाली म्हणतील. म्हणून घर हवं होतं ते असं, की जिथं कुणी काही विचारणार नाही.

तर दोघं तलावाकाठी घर बघायला निघाली.

पहिल्यांदा गेले घाटवाडीला. भोई लोकांची वस्ती, तीस-पस्तीस घरं, दारात जाळी वाळत टाकलेली. एक घर विकाऊ होतं, ओटा थेट पाण्याकडे तोंड करून! पण गाडीतून पाय खाली पडतो न पडतो, तोच चार बाया पुढे! त्यांतली म्होरकी ठकूबाई. वय सत्तर, आवाज वीस वर्षांच्या पोरीचा!

"का वं पाव्हणं, कुठलं म्हनायचं? घर बघाया? पोरंबाळं किती? न्हाईत? अरं देवा. जेवलाव का? आनि ह्या बाईंस्नी बरं न्हाई का वं? येगळंच बघत्यात."

रंगनाथरावांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "काही नाही झालेलं तिला! ठीक आहे ती!" म्हणाले, आणि तरातरा घर बघायला आत गेले. सुनंदाबाई राहिल्या ओट्यावर, अंगात हिरवं स्वेटर, बायांच्या घोळक्यात. अर्ध्या तासानं रंगनाथराव बाहेर आले, बायकोचा हात धरला आणि निघाले. मनात म्हणाले — घर नाही, चौकशीची खिडकी आहे ही! इथं राहायचं? एका आठवड्यात सगळ्या तलावाला कळेल.

दुसरीकडे गेले, घाटवाडीपासून पायी पाव तासावर, त्याच काठावर. नीलतीर! नवी वसाहत. उंच भिंत, मोठं फाटक, फाटकावर वॉचमन, वॉचमनपुढे वही. आत सारखी बंगलीवजा घरं, सारखी कुंडी, कुंडीत सारखं झाड. आणि शांतता! अशी शांतता, की चप्पल वाजली तर आपणच दचकावं. मॅनेजर म्हणाला, "इथं कोणी कोणाला डिस्टर्ब करत नाही, साहेब. तीन वर्षं झाली, मला इथल्या निम्म्या लोकांचे चेहरेही माहीत नाहीत!" हे त्यानं कौतुकानं सांगितलं बरं का! आणि रंगनाथरावांनी ते कौतुकानंच ऐकलं. "असंच हवं होतं," म्हणाले.

"मग आज रात्री नमुन्याच्या घरात राहून बघा. सकाळी कागद करू."

राहिले. पाण्यासमोर खुर्ची टाकून संध्याकाळभर बसले. जांभळा रंग चढला, उतरला. पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांनी पाणी पाहिलं! शेजारी सुनंदाबाई. रंगनाथरावांना वाटलं, पोहोचलो. शेवटचा स्टॉप आला.

आणि सकाळी जाग आली, तर बिछाना रिकामा.

मंडळी, माघ महिन्यातली सकाळ. खिडकीबाहेर बघतात तर तलाव नाही, झाडं नाहीत, काही नाही! नुसतं पांढरं धुकं. दिवाणखान्यात शोभेसाठी एक तांब्याची कळशी ठेवलेली होती, तिच्यात कागदाची फुलं. फुलं काढून टेबलावर नीट रचून ठेवलेली. कळशी नाही. आणि पाण्याकडचं मागचं दार उघडं.

रंगनाथराव तसेच धावले, अनवाणी! फाटकाशी गेले. वॉचमननं वही उघडली — "साहेब, नोंद नाही. म्हणजे बाई बाहेर गेल्याच नाहीत." वहीत नाही म्हणजे जगात नाही! शेजारची घंटी वाजवली. दाराला ते बारीक भिंग असतं ना, त्यातून एक डोळा. "कोण? किती नंबर? आम्ही नाही पाहिलं हो." दुसरं दार. तिसरं दार. माणसं वाईट नव्हती, मंडळी! एक गृहस्थ तर चटकन टॉर्च घेऊन बाहेर आले. पण विचारलं काय त्यांनी? "दिसायला कशा आहेत?" कालपासून पलीकडच्या घरात एक बाई बसलेली होती, आणि ती दिसायला कशी, हे कुणाला माहीत नव्हतं. कसं असेल? असंच हवं होतं ना?

रंगनाथराव पाण्याच्या कडेला पोहोचले. आता हाक मारायची. तोंड उघडलं —

आणि हाक येईना!

का? अहो, छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारलीच नव्हती! "अगं." "ऐकलंस का." "चहा टाक." संपलं! हसताय? तुमच्याकडे वेगळं आहे का? आता "अगं" म्हणून धुक्यात ओरडलं तर कोण ओ देणार? मग ओरडले, "सुनंदाऽऽ!" पण ते नाव तिच्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं. पुसलं जाणारच. ते तिचं होतं कुठं? लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले होते, आणि रंगनाथरावांनी स्वतःच्या बोटातल्या अंगठीनं त्यात लिहिलं होतं — सुनंदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. त्याआधी एकोणीस वर्षं ती कोण होती? रंगनाथरावांना आठवेना. पाणी पायाला लागलं, गार, आणि तो बत्तीस वर्षं रस्ता न चुकलेला माणूस तिथं लहान पोरासारखा रडला.

रडत रडतच कडेकडेनं चालत सुटले. धुक्यात काही दिसत नव्हतं. आणि मग ऐकू आलं. लांबून. थाळी वाजवल्याचा आवाज — टण्ण, टण्ण — आणि बायांचे आवाज.

घाटवाडीची रीत आहे ती! धुकं पडलं की नावाडी घाट चुकतात. मग बाया काठावर उभ्या राहून थाळ्या वाजवतात, आणि पाण्यावर गेलेल्या एकेकाला त्याच्या घरच्या नावानं हाका मारतात. ओ आली की पुढचं नाव. ओ आल्याशिवाय पुढं जायचं नाही! त्या सकाळी लहानू नावाडी ओ देऊन वर म्हणाला, "आये, वेताच्या बेटापाशी एक बाई हाय! कळशी घेऊन कंबरभर पाण्यात! म्या जवळ गेलो की भिऊन आत सरकतीया!"

ठकूबाईनं विचारलं, "हिरवं स्वेटर?"

"व्हय!"

थाळ्या थांबल्या. आणि धुक्यातून, पाण्यावरून, रंगनाथरावांच्या कानावर एक हाक आली —

"बनूऽऽ! ए बनूऽऽ! कळशी भरली का गं? चल की घरी! आय वाट बघतीया!"

आणि मग धुक्यातून आवाज आला. छत्तीस वर्षांत रंगनाथरावांनी कधी ऐकलाच नव्हता असा, परकर नेसलेल्या पोरीचा आवाज —

"आले गं!"

आली, मंडळी! पाण्यातून एकेक पाऊल टाकत, कळशी कमरेवर, हसत हसत आली! बायांनी ओढून घेतलं, घोंगडं गुंडाळलं, चुलीपाशी बसवलं. आदल्या दिवशी ओट्यावर अर्धा तास काय झालं होतं, कळलं का आता? रंगनाथराव भिंती ठोकत होते आत, आणि बाहेर त्या चौकशीखोर बाया विचारत होत्या, "माहेर कुठलं गं? आय काय म्हनायची तुला? पानी कुठून आनायचीस?" बत्तीस गावांची नावं पाठ असलेल्या माणसाला जे माहीत नव्हतं, ते यांनी अर्ध्या तासात विचारून घेतलं होतं!

रंगनाथराव पोहोचले. भिजलेले, अनवाणी. दारात थबकले. ठकूबाईनं मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा तेच! "आलाव का पाव्हणं? च्या घेनार? आनि आता खरं सांगा, काय होतंय हिला?"

या वेळी कपाळाची शीर नाही फुगली. खाली बसले, आणि सगळं सांगितलं. चष्म्यापासून कळशीपर्यंत! चार बाया, दोन म्हातारे, लहानू, सगळ्यांसमोर! मग म्हणाले, "ते पाण्याकडचं घर... अजून आहे का?"

"हाय की," ठकूबाई म्हणाली. "पर आमी इचारनार बरं का! जेवला का, कुठं चालला, डोळं का लाल, समदं रोज इचारनार. चालंल?"

"विचारा," रंगनाथराव म्हणाले. "माझ्यानं नाही विचारलं गेलं. तुम्ही विचारा."

बाहेर ऊन उतरत होतं. धुकं पदरासारखं वर सरकत होतं, आणि खालून थोडं थोडं पाणी दिसायला लागलं होतं. रंगनाथराव बायकोशेजारी जाऊन बसले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. ओळख काही लागेना. मग पोरीच्याच आवाजात, अदबीनं तिनं विचारलं,

"तुम्ही कुठल्या गावचे हो?"

रंगनाथरावांनी तिचा गार हात हातात घेतला.

"इथलाच," ते म्हणाले. "इथलाच आहे मी, बनू."

आणि ती हसली.

मंडळी, आख्यान झालं. डोळे पुसा. पण प्रसादाला उठू नका! आधी एक काम करा. शेजारी ज्या बाई बसल्या आहेत — जाऊबाई असतील, समोरच्या फ्लॅटातल्या असतील, दहा वर्षं बघता, हळदीकुंकवाला जाता — वळा त्यांच्याकडे, आणि विचारा, "आई तुम्हाला काय हाक मारायची हो?" आणि पुरुष मंडळी, खाली मान घालू नका! घरी जाऊन आज चहा मागायच्या आधी विचारायचं आहे तुम्हाला. उद्या डोळ्यांपुढं धुकं उतरेल, ते कुणाला चुकलंय? तेव्हा तो विठ्ठलसुद्धा हाक मारेल ती कुणाच्या तरी तोंडूनच मारेल, आणि त्या तोंडाला आपलं नाव माहीत असावं लागेल.

विचारा, विचारा. पेटीवाले, वाजवत राहा. मला घाई नाही. सगळ्यांची ओ आल्याशिवाय मी इथून हलणार नाही!