आटे की खटका

देवासहून इंदूरला निघालेल्या मोटारीत मथुताई मास्तरीणबाई बसल्या होत्या. पुढच्या बाकावर एक वयस्क जोडपं दूरदेशीच्या लोकांशी बोलायच्या हौशी रेडिओ-यंत्राचं सामान आणायला निघालं होतं.

“अँटेनाच्या तारेला आट्यांचा जोड घेऊ. पक्का बसतो.”

“खटक्याचा घ्या. जरासा फिरवला की सुटतो.”

“इतकी घाई कसली?”

“परवा विजा कडाडत होत्या अन् तुम्ही यंत्रापुढे बसून सिलोनच्या त्या गृहस्थाशी बोलत होता. आटे सोडवता सोडवता माझी बोटं सोलली.”

“सोडवायला सांगितलं कोणी? लायसन माझं आहे.”

“वीज लायसन पाहत नाही. मी तार काढून बाहेर टाकली अन् लगेच वीज पडून गच्चीवरचा अँटेनाचा बांबू उभा फाटला.”

“बांबू जुनाच होता.”

“तुम्हीही.”

मोटार क्षिप्रेचा पूल ओलांडून गेली. मथुताईंनी हातातलं पुस्तक उघडलं, पण पान काही उलटलं नाही.

“बरं, खटक्याचा घेऊ.”

“अहो, सिलोनवाल्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं ना? कसं झालं?”

“तेच सांगत होता तो. तेवढ्यात तू तार काढलीस.”