अर्धी पाठ

—हलू नकोस गं. पालथी पड नीट, गाल हातावर टेकव, अशी. नवऱ्या मुली फार वळवळतात—लग्नाआधी गुदगुल्या, लग्नानंतर तक्रारी, जन्म गेला माझा ह्या फरशीवर हेच बघण्यात. काय? आत का नाही घासत? आत गरम खोलीत तुझ्या मावश्या-आत्या मांडी ठोकून गात बसल्यात, त्यांच्यात तुझी चटणी झाली असती. शिवाय तुझा चेहरा बघितला मी, पांढराफटक पडला होता, म्हटलं पोरगी भोवळ येऊन पडायची, चला मधल्या खोलीत, इथं जरा गारवा आहे. हाज्जालाही तसंच सांगितलं—हाज्जा मन्नाना गं, ती दारात गल्ल्यावर बसलेली, हमाम तिचाच—ती म्हणाली, हद्दा, नवरी आहे, काळजीनं घास. म्हटलं, घासते. घासतेय ना काळजीनं? मग.

‘तुम्ही’ म्हणत नाही म्हणून राग नाही ना आला? इथं कपडे बाहेर खुंटीला राहतात आणि ‘तुम्ही’ही कपड्यांबरोबर खुंटीलाच लटकतं. हमामात सगळ्या ‘तू’. बाहेर कुणी अंमलदाराची बायको असो, मास्तरीण असो, डॉक्टरीण असो—इथं सगळ्यांच्या अंगातून मळाच्या सारख्याच वळ्या निघतात. बघ, बघ कशा निघतायत, शेवयांसारख्या! लाजू नकोस. शिकलेल्यांचा मळ जास्तच निघतो, खुर्चीवर बसून बसून साचतो. काळा साबण चांगला मुरलाय तुझ्या अंगात. हा उजवा खांदा बघ, काच झाली की नाही?—अगं, त्या बादलीला हात लावू नकोस! उकळतं पाणी आहे. भट्टीजवळच्या नळाचं आणलंय, गार थेंबभर घातलेलं नाही. कशाला आणलंय ते सांगते, घाई काय आहे? बघ, पाठ कशी लगेच ताठ झाली. सैल सोड. सैल.

माझ्या बोटांचा आवाज येतो का तुला? कट, कट. वात आहे, सांध्यांचा. सकाळी उठते तेव्हा दोन्ही हात असे मिटलेले असतात, कोंबडी कापल्यावर तिचा पंजा मिटतो ना, तसे. भाकरीचं पीठ मळता येत नाही, भाकरी शेजारची सादिया देते, आणि देताना दरवेळी सुस्कारा टाकते, तो वेगळा गिळावा लागतो. चहाची किटली दोन्ही मनगटांत धरून ओतते—उंचावरून धार धरायची सवय कुठली सुटायला—तर चहा गेलासात कमी आणि चटईवर जास्त. मग फेझ शहरात गेले, सांध्यांच्या डॉक्टरकडे. त्याची तारीख मिळायची म्हणजे! खिडकीतल्या माणसाला म्हटलं, भाऊ, इतक्या लांबची? तोवर मी मेले तर? तो म्हणतो कसा, मग मावशी, तारीख रद्द करायला कुणाला तरी पाठवा, रांग मोठी आहे. हसले मी. काय करते? पण डॉक्टर भला माणूस. बोट न् बोट दाबून बघितलं, मी ओरडले तेव्हा तोही कळवळला. म्हणाला, हद्दाबाई, आता हे काम सोडा, आणि ह्या सुया घ्या, पोटात टोचायच्या असतात, महाग आहेत, पण तुम्हाला विमा आहे ना? म्हटलं आहे, हाज्जानं आम्हा घासणाऱ्या बायकांची नावं घातलीत. मग झालं, म्हणाला, विम्याच्या डॉक्टरनं नुसतं म्हटलं की हात गेले, की सुयाही मिळतील आणि घरी बसून महिन्याच्या महिन्याला पोटापुरते पैसेही.

तुला गंमत कळते का यातली? विम्याला सांगायचं हात मेले, हाज्जाला सांगायचं हात जिवंत. खनिफ्रा गावची एक तरणी बाई रोज हाज्जाच्या दारात काम मागायला येऊन उभी राहते, दंड कसे, माझ्या मांडीएवढे. हाज्जा तिला चहा देते. अजून नुसता चहाच. मी तिच्यासमोरून दोन-दोन बादल्या घेऊन जाते, ताठ, हसत, आणि आत आल्यावर भिंतीला कपाळ टेकून रडते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तर तो विम्याच्या तपासणीचा दिवस आला. आता तूच सांग, डॉक्टरपुढे जायचं तर बाईनं काय करावं? न आंघोळता जावं? अंगाला घामाचा वास, टाचांना भेगा—अशी? माझ्या वेळेला माझ्या आईला कळा सुरू झाल्या, तरी ती आधी हमामात जाऊन आली, सुईण पाय बघेल म्हणून. आम्ही असल्या बायका. मी सकाळीच इथं आले, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून बसले, घाम गाळला, साबण, घासणं, सगळं केलं. त्याआधी सादियानं मेंदी थापली होती दोन्ही हातांना—मेंदीनं सांध्यांची आग ओढली जाते, आणि शिवाय सरकारी माणसापुढे न्यायचे हात, जरा बरे दिसायला नकोत? नख न् नख लाल झालं. आणि तशीच, ऊन-ऊन, टॅक्सीत बसून गेले.

खोलीत डॉक्टरीण. मान खाली, लिहितेय. म्हणाली, मूठ मिटा. मिटली! अल्लाची शपथ, पोरीसारखी मिटली. उघडा. उघडली. कित्येक दिवसांनी उघडली होती गं, माझी मलाच इतकी गोड वाटली की मी न सांगता पुन्हा एकदा मिटून दाखवली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गरम पाण्यानं सूज उतरलेली, मेंदीखाली लाली दिसेना. ती म्हणते, कुणाचं लग्न होतं? म्हटलं, कुणाचं नाही बाई, वात आहे. तर हसली. म्हणाली, वाताला मेंदी शोभते हं तुमच्या. आणि शिक्का मारला. काम करायला योग्य. संपलं. बोटाला बोट लावलं नाही. तोंडाकडे तर बघितलंच नाही.

पण मी बघत होते. तोंडाकडे बघायचा धीर नव्हता, म्हणून मीही हाताकडेच बघत बसले. लिहिणारा डावा हात. मनगटाच्या आतल्या बाजूला तीळ, मसुराएवढा. हा. हा काय, आत्ता माझ्या अंगठ्याखाली आहे.

—पड. उठायचं नाही. साबण आहे फरशीवर, घसरशील, आणि उद्याची वरात लंगडत निघेल. मनगटही ओढून घेऊ नकोस.

काय काय चिंतलंय मी तुझ्यासाठी! रोज भाकरी मोडताना. म्हटलं, हिची बोटं ताटाशीच आखडू देत. हिला अंगठी चढू नये, आणि चढली तर उतरू नये. हिच्या लेकराच्या अंगातलं झबलं हिला काढता येऊ नये—नाही, ते परत घेतलं, लेकराचं नाव घ्यायला नको होतं. आणि परवा हाज्जा म्हणते, विम्यातल्या डॉक्टरणीचं लग्न आहे, नवरीचा हमाम आपल्याकडे, खनिफ्रावालीला सांगते घासायला, दमदार आहे. मी हाज्जाच्या हाताचं चुंबन घेतलं गं. एवढ्या वर्षांत कधी घेतलं नव्हतं. म्हटलं, ही नवरी मला द्या. तिला वाटलं म्हातारीला बक्षिसीची हाव सुटली. हे तुला सांगायचं नव्हतं खरं. असो.

ही बादली तेव्हापासून डोळ्यांपुढे होती. पाठीवर ओतायची आणि म्हणायचं, हात घसरला गं बाई, वाताचे हात. कोण काय म्हणणार होतं? पण मग आठवलं—तूच लिहून दिलंयस की हात चांगले आहेत. म्हणजे मुद्दाम ओतलं, म्हणजे तुरुंग. बघ, तिथंही तुझाच शिक्का आडवा आला! श्वास सोड, नाही ओतत. ती बादली माझ्यासाठीच असते. मी मध्ये मध्ये हात बुडवते तिच्यात, म्हणून बोटं चालतात. गरम खोलीत तर न बुडवताही चालतात. म्हणून तर तुला तिथून काढून इथं आणलं. भोवळबिवळ काही नव्हती, चेहरा तुझा टोमॅटोसारखा लाल होता. आणि तू पालथी पडल्यापासून मी ह्या बादलीत एकदाही हात घातलेला नाही. हातातला हा घासायचा मोजा हळूहळू मंदावत गेला, तुला वाटलं असेल म्हातारी बोलण्यात रमली.

उजवी बाजू झाली तुझी, खांद्यापासून टाचेपर्यंत. डावीला आता हात जात नाही. हे बघ—वळ इकडे. वळ म्हणते ना. हा अंगठा. ही बोटं. मोजासुद्धा निघत नाहीये यातून. दाब. अगं एवढी शिकलीस, दाबून बघ की. बोटांकडे नको बघूस, दाबताना माझ्या तोंडाकडे बघ.

…हां.

आता बघितलंस.

रडू नकोस, मळ तेवढ्यानं निघत नाही. आता पुढचं ऐक. तुझ्या मावश्या मेणबत्त्या घेऊन निघतील आतून, तुझी सासू पुढे असेल, आणि ती तुझ्या पाठीवरून हात फिरवणार. सगळ्याच फिरवतात. उजवीकडे काच, डावीकडे वळ्या. घासणारणीनं नवरी अर्धी सोडली म्हणजे काय समजतात, माहीत आहे ना? हिनं अंगावर काहीतरी बघितलं. कोड बघितलं, पोट बघितलं. माझ्या मावशीच्या गावात एक नवरी अशी सोडली होती, का ते आजवर कुणाला कळलं नाही, पण पाहुण्यांना मात्र सगळं कळलं आणि ते दारातूनच परत गेले. तर सासू विचारेल, हे काय? तुझ्याकडे दोनच उत्तरं आहेत. एक, माझ्यात खोट आहे. दुसरं, ह्या घासणाऱ्या मावशीचे हात चालत नाहीत. निवड. आणि जे सांगशील ते मोठ्यानं सांग, हमामात आवाज छान घुमतो. हाज्जाही ऐकेल. उद्या खनिफ्रावाली आत आणि मी बाहेर. जाऊ दे! मला माहीत नाही असं वाटलं तुला? तुझ्या तोंडून ते एक वाक्य ऐकायला मी माझी भाकरी पणाला लावलीय, तेव्हा पुटपुटू नकोस.

आणि माझी फेरतपासणी आहे. तीन डॉक्टर बसतात म्हणे, त्यात एक तू. लग्नाची सुट्टी असेल तर थांबेन, मला कुठं नाचायला जायचंय. पण ह्या वेळी न आंघोळता येणार आहे मी. बिछान्यातून उठून तशीच, थंडीत पायी, मेंदी नाही, साबण नाही, तीन दिवसांचा वास मारत. माझ्या आईला थडग्यात लाज वाटेल, वाटू दे. तू नाक धर हवं तर एका हातानं. दुसऱ्यानं माझा हात धर. आज संध्याकाळी तुलाही मेंदी लागेल ना? शोभेल हो. वाताला शोभते, तर तुला का नाही शोभणार?

—आल्या बघ. उजेड दिसायला लागला. जिभा कशा नाचवतायत, लग्नाच्या किलकाऱ्यांनी कान किटले! चला, उठा. खुंटीवरचं ‘तुम्ही’ आणते आता परत—उठा, डॉक्टरीणबाई. टॉवेल गुंडाळू नका, सासूबाईंना पाठ बघायची आहे. मी बसलेय इथंच, बादलीशेजारी, हात मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसतील असे.

विचारतायत बघा त्या. बोला.

मोठ्यानं.