शेषेरावाच्या गाडीला मिस कॉल

...आता माणसाला हात किती? दोन. म्या काय शाळंत गेले न्हाई, पन दोनपस्तोर मला बी मोजता येतंय. एक हात ग्येरच्या दांड्यावर, दुसऱ्या हातात फोन, फोन कानाला. मंग ते गोल चाक कोन धरून राहिलंय? गुडघा! तुम्हाला सांगते, इस्लापूरपासून किनवटपस्तोर समदं रान, समदी वळनं, आन् आम्ही तेरा मानसं त्या शेषेरावाच्या एका गुडघ्यावर चाललेलो. मी म्होरं बसलेली, मांडीवर नातीचा डबा. म्हनलं, "शेषेराव, बाबा, म्होरं बघ." तर त्यानं बघितलं. म्होरं न्हाई, माझ्याकडं. आन् म्हनतो कसा, "एकच मिनट, मावशी."

एकच मिनट! त्या मिनटात सागाची किती झाडं मागं गेली, एक म्हैस वाचली, एक सायकलवाला खड्ड्यात उतरून उभा राहिला आन् त्यानं काय शिव्या देल्या ते काचेतून नुसतं तोंड हललेलं दिसलं...

आता तुम्ही म्हनाल, पार्वतीबाई, त्याला एवढे फोन तरी कोन करतंय? कोन म्हंजे? समदं गाव! आमच्या गावाला यष्टी येती तशी येती, न्हाई आली तर न्हाई. मंग शेषेरावाची जीप हेच आमचं पोष्ट, तीच आमची यष्टी. कोनाला जागा धरून पायजे, कोनाला बीपीच्या गोळ्या पायजेत, कोनाचा डबा वसतिगृहाला पोचवायचा, कोनाची सासू फाट्यावर उभी हाय तिला उचलायचं. समद्यांकडं शेषेरावाचा नंबर. पोरीच्या सोयरिकीला निघालेला माणूस बी आधी शेषेरावाला फोन लावतो, मंग पावन्याला.

तर त्या दिशी त्याला फोन आला आमच्या शेजारच्या फरीदाबीचा. ती कपडे शिवती. तिला किनवटहून लेस पायजे झग्याला. हा इचारतो, पांढरी का मोतिया? ती काय सांगती मला ऐकू येईना, पन हा हसून राहिला. आन् पुलापाशी वळन. आन् वळनातून टरक... नुसता टरक न्हाई, लाकडं भरलेला, डोंगर चालत आल्यावानी. मी डब्याला मिठी मारली. म्हनलं, गेले. भाकरीसकट गेले. गाडी अशी वळली, तशी वळली, टरकाचा वारा माझ्या तोंडावर आला, त्याच्यात त्या लाकडाचा ओला वास... आन् शेषेराव फोनात काय म्हनला असंल? "काय न्हाई गं आपा, टरक व्हता. हां, पांढरीच ना?"

किनवटला उतरले तवा बी डबा तसाच मिठीत व्हता. नात इचारती, आजी, डबा असा चेपला कामून?

ही नात म्हंजे समीक्षा. एकच हाय मला. लेक-सून धर्माबादला मिरच्याच्या गोदामात कामाला, पोरगी किनवटला शाळंत, वसतिगृहात ऱ्हाती. सुट्टीला येती ती शेषेरावाच्याच गाडीत. मास्तरीनबाई तिला गाडीत बसवती, मी इकडं उतरून घेती. आता ध्यानात आलं का, मी कामून बोंबलून राहिले? मी म्हातारी, टरकाखाली गेले तर चार मानसं म्हनतील, झालंच व्हतं वय. पन पोरगी बारा वर्साची!

म्हनून मी दुसऱ्या दिशी जीपच्या थांब्यावर, लिंबाखाली, समद्यांना उभं केलं. म्हनलं, डायवरला फोनची बंदी पायजे. निवृत्ती गुरुजी म्हनले, मावशी, बंदी हायेच की, सरकारचा कायदा हाय. म्हनलं, गुरुजी, कायदा किनवटात बसून हाय आन् वळन हिकडं हाय. शेषेराव उभा, मान खाली. म्हनतो, "मावशी, फोन बंद केला तर गाडी रिकामी जाईल. डिझेलवर न्हाई चालत ही, फोनवर चालती." समदे हासले. खरं बी व्हतं त्याचं. त्याला चार लोकं शिव्या देत्यात फोनवर बोलतो म्हनून, आन् तेच चार लोकं शिव्या देत्यात फोन उचलला न्हाई म्हनून.

मंग गुरुजींनी शिकलेल्या मानसावानी तोड काढली. म्हनले, गाडी चालू असताना कोनी फोन करायचा न्हाई. लईच नड असंल तर मिस कॉल द्यायचा. मिस कॉल बघितला की शेषेराव गाडी बाजूला लावंल, उतरंल, उलटा फोन करंल. मिस कॉल म्हंजे काय फोन थोडाच हाय? समद्यांना पटलं. मला लई पटलं. शेषेरावानं आपल्या लेकीची, मंजुश्रीची, आन घेतली. म्हनला, चालत्या गाडीत फोन कानाला लावनार न्हाई. आन् फरीदाबी मला म्हनती, "अच्छा करे पार्वताबाई, मेरे कू बी डर लगता था." बघा! जिच्या लेसपायी मी मरता मरता वाचले, तिला बी डर लागत व्हता!

पंधरा दिस कसे गेले म्हनता, सोन्यावानी. कोनी फोन करत नव्हतं. नुसते मिस कॉल. समद्यांचे. फोनला विचार करावा लागत व्हता, मिस कॉलला काय लागतंय? गावाला वाटलं, फुकटचं हाय, देऊन टाका.

मंग आली सुट्टी. परीक्षा संपली, बुद्धपौर्णिमा आठ दिसांवर. म्या सकाळी निरोप देला, पोरीला म्होरं बसव रे बाबा, तुझ्या नजरंसमोर. गाडी तीनला निघती, चार-सव्वाचारला आमच्या थांब्यावर. मी साडेतीनलाच लिंबाखाली जाऊन बसले.

चार वाजले. सव्वाचार. साडेचार. रस्ता सरळ दिसतो तिथून, पार टेकडीपस्तोर. रस्त्यावर कोनी न्हाई. ऊन असं की डांबर हलून राहिलेलं, आन् एक कावळा मधोमध बसून काहीतरी टोचून राहिला... उठवला तरी उठंना. मला ते बरं वाटलं न्हाई.

म्या एक मिस कॉल देला. नातीनंच शिकवून ठेवलंय, दोनचा आकडा दाबून धरायचा, शेषेरावाला लागतो. लागला. वाजला. म्या कापला. वाट बघितली, आता थांबंल, आता लावंल. न्हाई. दुसरा देला. न्हाई. मनात म्हनलं, चांगलं हाय, आन पाळून राहिला. तिसरा देला. आता काय सांगू तुम्हाला, तिसऱ्याला मन फिरलं. उचलला असता तर म्हनले असते, मेला फोन उचलतो, पोरीला मारतो. आन् उचलंना तर म्हनून राहिले, कामून उचलत न्हाई, काय झालं असंल? उचलला तरी जीव जातो, न्हाई उचलला तरी जीव जातो. असल्या फोनाला काय करायचं, तुम्हीच सांगा!

तेवढ्यात फरीदाबी आली. तिचा भाऊ त्याच गाडीत. म्हनती, "नै उठा रा क्या? रुको, एक मिनट, मैं देती मिस कॉल." तिनं देला. गुरुजींची बायको किनवटला दवाखान्यात गेलती, ती बी त्याच गाडीत. गुरुजी म्हनले, एकच मिनट, मी लावतो. मंग आनखी दोघं, मंग चौघं. लिंबाखाली अकरा मानसं, अकरा फोन, आन् समदे एकाच फोनावर. बोलत कोनी न्हाई. नुसता आकडा दाबायचा, कानाला लावायचा, कापायचा. जो तो म्हनतो, मी कुठं फोन करून राहिलो, मिस कॉल हाय. आन् तो कावळा तसाच.

तिकडं काय चाललं व्हतं, ते मला मागून कळलं. गाडी निघाली व्हती बरोबर तीनला. पहिला मिस कॉल आला, शेषेरावानं गाडी बाजूला लावली, उतरला, उलटा फोन केला. कोनाला तरी इचारायचं व्हतं, सोयाबीनचं बी आनलं का. परत निघाला. दुसरा आला, परत लावली. तिसरा, चौथा, सातवा... दर मैलाला उतरायचं, बोलायचं, चढायचं. म्हनून उशीर. उशीर झाला म्हनून आम्ही मिस कॉल दिऊन राहिलो, आन् आम्ही मिस कॉल दिऊन राहिलो म्हनून उशीर! आठव्यांदा लावली तशी गाडीतली मानसं खवळली. म्हनली, आता थांबलास तर आम्ही चालत जातो. मंग तो थांबायचा बंद झाला.

पन वाजायचं कुठं बंद झालं?

आन् मी... आता लपवून काय करू. पाचला पाच कमी असताना म्या परत दोनचा आकडा दाबला. आन् ह्या टायमाला कापला न्हाई. वाजू देला. म्हनलं, वाज. वाज मेल्या. एकच मिनट वाज.

उचलला. पन आवाज शेषेरावाचा न्हाई, समीक्षाचा. हासून राहिलेली पोरगी. म्हनती, "आजी, शेषेरावमामानं मला देला फोन. म्हनले, तुझी आजी हाय, तूच सांग तिला, मी चालत्या गाडीत फोन..."

तेवढंच.

मंग हारन. लांब. मंग एक आवाज, कसा सांगू, पत्र्याची कोठी माळ्यावरून पडावी तसा. मंग काहीच न्हाई. फोन कटला न्हाई बरं का. चालूच व्हता. अकरा मानसं माझ्याकडं बघून राहिली, मी कानाला घट्ट धरून. आतून नुसतं टिक... टिक... टिक... गाडीचा तो वळायचा पिवळा दिवा असतो बघा, त्याचा आवाज. कोनाला तरी वळायचं व्हतं, अजून व्हतं. मी म्हनले, समीक्षा. टिक. मी म्हनले, माय, बोल की. टिक. फरीदाबीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला तवा मी खाली बसले, ते दोन मानसांनी उचललं तरी उठले न्हाई.

त्यानं आन मोडली नव्हती. फोन कानाला लावला नव्हता. नुसता खालून उचलला आन् मान वळवून पोरीच्या हातात देला. त्याला किती टाइम लागतो? तुम्हीच सांगा. तेवढ्यात पुलाचं वळन.

मेलं कोनी न्हाई. गाडी पुलाच्या अलीकडं चारीत गेली, एका अंगावर पडली. समीक्षाचा डावा हात कोपरातून मोडला. शेषेरावाचा पाय आन् म्होरचे तीन दात. गुरुजींच्या बायकोला कपाळाला टाके. फरीदाबीचा भाऊ खरचटला नुसता, पन त्याला त्या दिसापासून हारन वाजला की हुंदका येतो. एक फूट म्होरं गेली असती तर पुलाखाली दगड हायेत. मी बघून आले ते दगड. मोठे हायेत.

दवाखान्यात पोलीस आला. चांगला व्हता बिचारा, पानी पाजलं मला. शेषेरावाला इचारलं, फोनवर बोलत व्हता का? तो बिनदाताचा बोबडा म्हनतो, न्हाई साहेब, लेकीची आन. पोलिसानं त्याचा फोन घेतला, काच तडकलेली, वाचत बसला. बराच वेळ वाचला. मंग इचारलं, हे पार्वतीमावशी कोन?

म्या पदर तोंडाला लावला आन् हात वर केला, शाळंत पोरं करत्यात तसा.

तो म्हनला, "मावशी, गाडी चालवताना फोनवर बंदी पायजे का न्हाई?"

"पायजे साहेब," म्या म्हनलं. "बंदी मीच आनलीया."

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

चौथ्या दिशी पोरीला घरी आनायचं ठरलं. शेषेरावाची जीप पत्रेवाल्याकडं. मंग गुलाम रसूलभाईची गाडी केली. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, चाळीस वर्सं गाडी चालवून राहिला, दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर, बोलतो बी कमी. मी पोरीला मधी घेऊन बसले, पलस्तराचा हात माझ्या मांडीवर. म्हनलं, पार्वती, आता सुखानं बस.

अर्ध्यात आलो आन् त्याच्या खिशात फोन वाजला. रसूलभाईनं बघितलंच न्हाई. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. म्हाताऱ्याचे दोन्ही हात चाकावरच. मला एवढं बरं वाटलं... तिसऱ्यांदा वाजला. चौथ्यांदा. आता समदी गाडी त्या खिशाकडं बघून राहिली. कोनाच्या घरचं असंल? बायको असंल. आजारी हाय म्हनत्यात. लिंबाखाली बसली असंल कोनी, टेकडीकडं बघत... पाचव्यांदा वाजला. आन् गाडीत कोनीतरी बोललं, "भाई, उचला की. एवढं कोन करून राहिलंय, कोनाचा जीव टांगनीला लागला असंल."

समद्यांनी वळून बघितलं. समीक्षानं तर डोळे वटारले.

मी बोलले व्हते.

रसूलभाईनं आरशातून माझ्याकडं बघितलं, एक उसासा टाकला आन् एक हात चाकावरून काढून खिशात घातला. म्होरं पूल दिसून राहिलेला. म्या पोरीचा चांगला हात घट्ट धरला आन् डोळे मिटून घेतले. दुसरं काय करनार?